डाटा कुठे जातो

नाय ताई, रिचार्ज संपलेला नाय, मागच्याच आठवड्यात केलाय – सगळे दुकानवाले आधी तेच विचारतात. फोन बंद करून चालू केला, ते विमानाचं चिन्ह दाबून सोडलं, सिम काढून पदराने पुसून परत घातलं, पार वर सड्याच्या माळावर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिले – रेंज भरलेली, आणि नेट मात्र गोल गोल फिरतंय. आमच्या वाडीतल्या वेदिकाचा फोन तिथेच धावतो, सिम पण त्याच कंपनीचं. ती बोलली फोन भरलाय, फोटो काढून टाक. टाकले. लग्नातले सुद्धा टाकले. तरी रोजचा डाटा अकरा वाजेपर्यंत खलास, आजपण झालाच – आणि मी तर हात लावलेला नसतो. पडवीत ठेवून गोठ्यात जाते, येऊन बघते तर गरम, तव्यासारखा.

आणि आत्ताच नेट लागतंय हो. फॉर्म भरायचाय. इथे रत्नागिरीत मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला बाई हवीय, राहायची सोय आहे, उद्या शेवटचा दिवस. म्हणून तर देवरुखहून सकाळच्या एसटीने आले. घरी माहीत नाय – घरी आहे कोण म्हणा, सासूबाई गेल्या वर्षी वारल्या, आणि आमचे हे मुंबईला. फोन ह्यांनीच आणला, गणपतीत आले तेव्हा. माझा जुना चांगला चालत होता, पण बोलले, हा घे, सगळं मी घालून दिलंय, तू काय दाबू नकोस. काळजी आहे त्यांना माझी. दिवसातनं तीनदा फोन – जेवलीस काय, बाजारात इतका वेळ का लागला, गोदूबाईकडे बसून कशाला हसत होतीस. गोदूबाई म्हणजे आमच्या खालच्या घरातली म्हातारी. मला वाटलं, तीच कळवते; नायतर मुंबईत बसून कसं कळणार? पाखाडीच्या पायऱ्यांवर उभी राहून नको नको ते बोलले मी तिला. ती सूप घेऊन आत गेली. आठ महिने झाले, आम्ही बोलत नाय. ह्यांना सांगितलं, तर हसले.

काय सापडलं? हे कसल्या अ‍ॅपचं नाव – मी नाय घातलं हे. सगळा डाटा हेच खातंय? पाठवतंय म्हणजे – कुठे पाठवतंय? सावकाश सांगा, मला इंग्रजी जमत नाय. हे ठिकाण. मी कुठे आहे ते. बरं. आणि हे माइकचं चित्र –

माइक म्हणजे ऐकतं?

बाहेर या. अजून खाली, पायरीच्या खाली – फोन राहू दे आत टेबलावर. म्हणजे गोदूबाईने काय सांगितलं नव्हतं. आणि आत्ता मी तुम्हाला वसतिगृहाचं बोलले, राहायची सोय बोलले, सगळं फोन समोर ठेवून बोलले. आमचा हा एक वाजता जेवायला बसतो, कानात ते घालून. मला वाटायचं, गाणी ऐकतो. आज हे ऐकलं की मिळेल ती गाडी पकडेल. शिमग्यात असाच आला होता, न सांगता. मी आईला फोनवर बोलले होते, थोडे दिवस माहेरी खेडला येऊन राहते – नुसतं बोलले होते – आणि दुसऱ्या दिवशी हा उंबऱ्यात. ही बोटं वाकडी झाली ती तेव्हाचीच. दारात सापडली. डॉक्टरांना पण तेच सांगितलं, दारात सापडली.

दार त्याने लावलं, ताई. माझा हात दिसत होता त्याला.

काय बोलताय? गेलं नाय अजून? अकरानंतरचं काहीच गेलेलं नाय – डाटा संपला म्हणून अडकून पडलंय? परत सांगा. म्हणजे मी रत्नागिरीत आले ते त्याला ठाऊक आहे, पण तुमच्याशी बोलले ते नाय. रात्री बारानंतर नवीन डाटा आला की जाईल. मग नको, काय दुरुस्त करू नका. पुसून पण टाकू नका. पोलिसांना दाखवायचा? – मी एकटी कशी जाणार, आत गेल्यावर काय बोलायचं ते सुद्धा – तुम्ही याल? दुकान सोडून? तुमचा फोन द्या जरा, गाय बांधलेली आहे घरी. गोदूबाईचा नंबर आहे माझ्याकडे, पाठ आहे.

– आजी, मी. गाय... हो. हो. नाय येत आजी, आज नाय येत मी घरी. तुम्ही सोडाल ना तिला? – रडत नाय मी. तुम्ही जेवलात?

घ्या तुमचा फोन. ती काय बोलली माहितीय? बोलली, मला खाली तुझं रडणं सगळं ऐकू यायचं गं पोरी, तूच कधी हाक मारली नाहीस.

थांबा. वाजतोय. आत माझाच वाजतोय – तोच असणार. नाय उचलला तर संशय येईल. तुम्ही आत या, पण बोलू नका, खुर्ची पण हलवू नका.

हॅलो. हो, रत्नागिरीतच आहे. नेट चालत नाय म्हणून आणलाय दाखवायला... बोलतायत सिम खराब आहे... नाय, आवाज ठीक आहे माझा, उन्हातनं आले ना. येते, चारच्या गाडीने येते. कोण? – कोणी नाय. दुकानवाली पण बाहेर गेलीय. मी एकटीच आहे.

ठेवला.

ओढा ताई शटर.