वकिलाचा थांबलेला हात

अध्यक्ष महोदया, मंचावरील मान्यवर, प्रयोगशाळेतील सहकारी आणि स्नेहीजनहो,

आज सात मार्च, शनिवार. सकाळी सदऱ्याला इस्त्री केली, दुपारी बसने आलो, तुम्ही मला पहिल्या रांगेत बसवलंत. आज माझी पत्नी निवृत्त होणार होती. ती थंडीत गेली. तरी समारंभ करायचाच, आणि तिच्या जागी मी बोलायचं, असं तुम्ही ठरवलंत. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीतला माणूस. मेंदूविषयी तुम्हाला काय सांगणार?

तिच्या एका माकडाला तुम्ही 'वकील' म्हणायचात, कारण चित्राला हात लावण्याआधी तो दोन्ही बाजू ऐकून घेतल्यासारखा बसे. निळ्या चित्राला हात लावला की फळाचा रस मिळे. मग एकाएकी नियम उलटायचा, आता पिवळं. मी बघायला आलो त्या दिवशी वकीलसाहेब निळ्यालाच चिकटून होते. मला हसू आलं.

"हसू नका हो," ती म्हणाली. "नियम बदलला हे त्याला कुणी सांगितलंय? रस आला नाही, एवढंच त्याला कळतं."

मग तिने त्याच्या मेंदूतल्या बारीक तारेला जोडलेला ध्वनिवर्धक मोठा केला. त्याच्या कपाळामागची एक पेशी तव्यावर पाणी शिंपडावं तशी तडतडली. वकिलाचा हात निळ्याकडे निघाला, अर्ध्यात थांबला, पिवळ्याकडे वळला.

"ऐकलंत? सवयीचा हात धरून ठेवतात या पेशी. पण एकटीचं काम नाही ते. पुष्कळ जणी लागतात."

आमच्या घरीही एक नियम होता. ती पटकन दचकायची, म्हणून किल्ली खिशात असली तरी मी आधी बेल वाजवायची. "आले का साहेब?" असं आतून ऐकू आलं की मग दार उघडायचं.

मी अजून वाजवतो. समोरच्या वहिनी डोकावून विचारतात, "भाऊजी, आजपण किल्ली विसरलात?" मी हो म्हणतो.

वकिलाला कुणी सांगितलं नव्हतं. मला तर डॉक्टरांनी सांगितलं, तुम्ही घरी येऊन सांगितलंत. तरी बोट जातंच.

असो. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर तिच्याकडे बघून पोटात घाला. सर्वांचे आभार, गुच्छ एवढा मोठा दिलात, त्याचे वेगळे. जिना चढून गेलो की एका हातात तो असेल, दुसऱ्या हातात किल्ली. बेलसाठी हात मोकळा राहणार नाही. दार उघडेन आणि फुलं पाण्यात ठेवेन.