न खाल्लेला गुटखा

अरे, तेव्हा माझं तोंड जेमतेम एक बोट उघडायचं. पोळीसुद्धा कुस्करून खायचो. वालीवच्या आमच्या कारखान्यात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं, तोंड आखडलंय म्हणजे हा चोरून गुटखा खातो. मी आयुष्यात सुपारीसुद्धा चघळलेली नाही! आमचे सुपरवायझर सावेसाहेब तर तोंडातला मावा गालात सरकवून रोज सांगायचे, "सोड रे ते व्यसन!"

शेवटी स्कॅन काढला. डॉक्टर म्हणाले, "जबड्याचं हाड जास्तीचं वाढलंय. कॅन्सर नाही, पण ते गालाच्या हाडाला अडतंय. कापावं लागेल."

ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी कामावर गेलो आणि सगळ्यांसमोर मोठ्ठा आ करून दाखवला.

सावेसाहेबांनी पाठ थोपटली. "बघ! सोडलास ना गुटखा?"

माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.