तिसऱ्या मजल्यावरची बाग

...आणि वर मलाच सांगतो, "काका, टेक्निकली तुम्ही आत्ता बागेत उभे आहात!" बागेत! अहो, मी जिन्यात उभा होतो! सिमेंटच्या जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे, एक हात कठड्यावर, एक गुडघ्यावर, मोबाईल कान आणि खांद्याच्या चिमटीत, भोवती चौसष्ट घरांची अख्खी इमारत, रंग दिलेली, दारं बसवलेली, दारांना कुलपं ठोकलेली... आणि हा नगररचना विभागातला चेतन फोनवर म्हणतोय, बाग! मी म्हटलं, "चेतन, बाळा, आत्ताच माझं डोकं बीमला आपटलं. बागेला बीम असतो का रे?" तर म्हणतो, "काका, जागेवर काय वाटेल ते असू दे. कागदावर बाग आहे."

कागदावर बाग आहे! दोन वर्षं हे एक वाक्य ऐकतोय मी. जप केला असता तर एव्हाना देव भेटला असता.

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं, पेन्शन सुरू झाली की माणसाचं असंच होतं. मी याच पालिकेत आवक-जावकला तेहतीस वर्षं कारकून. कुठली पालिका ते विचारू नका. अंबरनाथची नव्हे, बदलापूरचीही नव्हे. दोघींच्या मधे कुठेतरी एक आमचीही आहे असं धरून चाला, म्हणजे म्हातारपणी मला कोर्टाच्या पायऱ्या नकोत. तर आमच्याकडे वीस वर्षं भांड्याला येतात त्या वेणूबाई. मूळच्या बारवी धरणाकडच्या पाड्यावरच्या, नवरा गेला, मुलगी सासरी. रस्ता रुंद करताना त्यांची झोपडी गेली. पालिका म्हणाली, सहा महिने या पत्र्याच्या खोलीत काढा, पक्कं घर देतो. या गोष्टीला किती झाली? नऊ वर्षं! तुम्ही कधी वैशाखात पत्र्याखाली बसलायत? पापड नुसता हातात धरून बसा, भाजून निघतो.

बरं, घर बांधलं नाही म्हणावं, तर बांधलं की! सोडत काढली, हारतुरे झाले, वेणूबाईंना पत्र मिळालं, तिसरा मजला, खोली तीनशे सात. ते पत्र रेशनकार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत. बाईंनी त्याच दिवशी बाजारातून पितळी कुलूप आणलं. दार मिळायच्या आधी कुलूप घेणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आणि मग इमारतीला भोगवट्याचा दाखला लागतो, म्हणजे आता इथे माणसांनी राहायला हरकत नाही असा कागद, तो आणायला फाईल नगररचनेत गेली आणि तिथे चेतननं नवा विकास आराखडा उघडला... आणि त्या आराखड्यात या जागेवर काय? आरक्षण क्रमांक चौदा. उद्यान.

कसं झालं म्हणता? ऐका आता. हा आराखडा केला बाहेरगावच्या कंपनीनं. त्यांनी आमचं गाव पाहिलं ते आकाशातून. उपग्रहाचा फोटो! फोटो कधीचा? इमारतीचा पाया खणायच्याही आधीचा. महिना कोणता? श्रावण! श्रावणात आमच्याकडे काय हिरवं नसतं हो? गटारसुद्धा हिरवं असतं. त्या मोकळ्या जागेवर टाकळा माजला होता, गुडघाभर. आकाशातल्या साहेबाला वाटलं, काय सुंदर हिरवळ! टाकला हिरवा रंग. आणि गंमत बघा, तोच टाकळा खुडून, जुड्या बांधून वेणूबाई स्टेशनाबाहेर विकत असत. म्हणजे त्या वर्षी बाईंनी जरा मन लावून सगळा टाकळा खुडला असता, तर आज स्वतःच्या घरात असत्या!

मी चेतनला म्हटलं, "अरे, चूक झाली, दुरुस्त करा." हा चेतन माझ्या हाताखाली शिकलेला, फाईलला नाडी कशी बांधायची ते मी शिकवलं त्याला. तर मलाच विचारतो, "काका, हरकतींसाठी तीस दिवस दिले होते, हरकत का नाही घेतली?" मी म्हटलं, "नोटीस कुठे लावली होती?" "फलकावर." कोणता फलक? जिन्याखालचा, काचेआडचा, ज्याच्यावर पोलिओचं पोस्टर चिकटवलंय तो! तेहतीस वर्षं त्या फलकावर नोटिसा मीच लावत होतो. तिथे काही वाचता येत नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? त्यासाठीच तर तिथे लावायचो! पण ते सोडा...

मग मी फेरबदलाचा अर्ज टाकला. बाग काढा, घरं दाखवा, एवढीच मागणी. अर्ज गेला, फाईल झाली, फाईल फिरायला लागली, आणि ती फिरतेय तोवर आली अंदाजपत्रकाची सभा. मी प्रेक्षकांच्या बाकावर. विषय निघाला: उद्यान क्रमांक चौदासाठी तरतूद. हिरवळ, घसरगुंडी, दोन झोपाळे, नामफलक. एकानं तरी विचारावं, ही बाग आहे कुठे? छे! वाद कशावर? नावावर! एक सदस्य उठले, "अध्यक्ष महोदय, या उद्यानाला माझ्या वडिलांचं नाव द्यावं ही जनतेची भावना आहे!" लगेच दुसरे, "जनतेची भावना माझ्या सासऱ्यांच्या बाजूनं आहे!" पाऊण तास जनतेच्या भावनेची ओढाताण. शेवटी मला राहवेना, मी उठून ओरडलो, "अहो, तिथे चार मजली इमारत आहे!" अध्यक्षांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "प्रेक्षकांनी विषयाला सोडून बोलू नये. इथे बागेची चर्चा चालू आहे." झालं! ठराव एकमतानं मंजूर. टाळ्या.

पुढे हिरवळीची निगा राखायचं कंत्राट निघालं. ते मिळालं भूपेशला, उल्हासनगर कॅम्प एकचा सिंधी माणूस, सरळ धंद्याचा. तो आपला आला ना टेम्पो घेऊन, दोन माणसं, गवत कापायचं मशीन. मी तिथेच होतो. त्यानं इमारतीकडे खालून वर पाहिलं, वरून खाली पाहिलं, मला म्हणाला, "साईं, घास थोडा ज्यादा बढ़ गया है." तरी माणूस प्रामाणिक. पालिकेत जाऊन लेखी दिलं, जागेवर गवत नाही. तिथले काय म्हणाले असतील? "गवत नाही म्हणजे कापलंत ना! उत्तम." आणि त्याला काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला! तुम्हाला सांगतो, माझ्या पायाखालची जमीन... जमीन कसली, बागच सरकली! नसलेलं गवत कापल्याचा दाखला आठवड्यात मिळतो आणि असलेल्या इमारतीला दोन वर्षं मिळत नाही! भूपेश बिचारा दाखला हातात धरून बाहेर आला आणि म्हणाला, "साईं, ये मैं घर में किसको दिखाऊँ?"

हसताय तुम्ही. मीही हसायचो. पण या एप्रिलमधे वेणूबाई त्या पत्र्याखाली उन्हानं चक्कर येऊन पडल्या. कपाळाला तीन टाके. डॉक्टर म्हणाले, या वयात पुन्हा अशा पडल्या तर सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून कामावर हजर! सुषमानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, त्यांना घरी पाठवलं, स्वतः भांडी घासली, आणि एकेक पातेलं आपटत मला म्हणाली, "तेहतीस वर्षं नियम दाखवून लोकांना परत पाठवलंत. एकदा तरी नियम दाखवून कुणाला आत घ्या की!"

लागलं हो मला. खरं असलं की लागतंच. मी बांधकाम नियमावली काढली, चष्मा पुसला, आणि उद्यानाचं कलम वाचायला घेतलं. आणि सापडलं! उद्यानात घर चालत नाही, पण माळ्यासाठी एक खोली चालते! बागेचा माळी बागेत राहू शकतो! मग काय, बसलो टिपणी लिहायला. हात विसरत नाही बरं का. "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, उद्यान क्रमांक चौदा माळ्याअभावी दुर्लक्षित असून श्रीमती वेणूबाई विनामानधन सेवा देण्यास तयार आहेत, सबब खोली क्रमांक तीनशे सात माळ्याची खोली म्हणून उपलब्ध करून द्यावी. मान्यतेस्तव सादर." विनामानधन! हा शब्द पाहिला की सरकारी पेन आपोआप चालतं. अकरा दिवसांत मंजुरी! बागेत तिसरा मजला कुठून आला, असं एकानंही विचारलं नाही.

वेणूबाईंना किल्ली दिली तर म्हणाल्या, "भाऊ, मना बागंतलं काय ठाव? मी रानभाजीवाली." मी म्हटलं, "बाग नाहीच आहे वेणूबाई. घर आहे." "मंग कागदावं बाग का लिवलीव?" मी म्हटलं, "तुम्ही आधी आत जा." गेल्या. पालिकेचं कुलूप काढलं, आपलं पितळी लावलं. नळ सोडून दहा मिनिटं नुसत्या पाण्याकडे बघत बसल्या. मी घरी येऊन सुषमासमोर कॉलर ताठ केली. तिनं चहात आलं जास्त घातलं. आमच्याकडे शाबासकी अशीच मिळते.

आणि मग महिन्यानं उद्यान विभागाच्या शलाका मॅडम पाहणीला आल्या. नवीन नोकरी, हातात तक्ता, कामाला चोख. असली माणसं फार धोक्याची! तीन मजले चढून आल्या. "मावशी, माळी तुम्हीच का? झाडं किती?" वेणूबाईंनी खिडकीत तेलाच्या डब्यात तुळस लावलेली, एका घमेल्यात मिरची, एकात ओवा. बाई खोटं कशाला बोलेल? म्हणाल्या, "तीन हायत." मॅडमनी लिहिलं: झाडे तीन, जिवंत तीन. निगा समाधानकारक. माळी जागेवर हजर. खाली सही, तारीख, शिक्का.

आणि गेल्या महिन्यात एका सोमवारी माझ्या फेरबदलाच्या अर्जाला उत्तर आलं. पाठ झालंय मला, ऐका. "सदर जागेवर उद्यान प्रत्यक्षात अस्तित्वात असून, माळी कार्यरत असल्याचे पाहणीत आढळून आले आहे. सबब आरक्षणात फेरबदलाची आवश्यकता नाही. प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. संदर्भ..." संदर्भ काय असेल? "आपलीच टिपणी"! माझी! माझ्या अक्षरातली! "मान्यतेस्तव सादर" वाली! दोन वर्षं मी घसा फोडून सांगत होतो, कागदावर बाग आहे, जागेवर नाही. आता जागेवरही आहे! मी लावली! तेहतीस वर्षं ज्याला ठाऊक होतं की कागदावर एकदा चढलेलं ब्रह्मदेवालाही उतरवता येत नाही, त्यानंच आपल्या हातानं चढवलं! नवशिका पोरगाही असं करणार नाही हो. त्याला टिपणी कुठे येते?

चेतनला फोन केला तर म्हणतो, "काका, मानलं तुम्हाला, बाग रेग्युलराइज केलीत!"

आणि पत्र्याच्या खोल्यांत अजून त्रेसष्ट कुटुंबं. त्यांना कळलंच की. दुसऱ्या दिवशी वेणूबाई आमच्या दारात, हातात किल्ली. "भाऊ, ही घ्या. मी एकटी वरती निजते नि खाली समदी उकाऱ्यात. माज्यामुलं त्यांचा कागद अडकला ना? मना नको." मी किल्ली परत त्यांच्या हातात ठेवली. म्हटलं, "वेणूबाई, तुम्ही खाली आलात म्हणून बाग जाणार नाही. फक्त माळी गैरहजर लागेल." सुषमानं त्या दिवशी चहात आलंच घातलं नाही. ते जास्त लागलं.

मागोमाग कोंडाजी आला. वेणूबाईंच्या शेजारच्या खोलीतला, पूर्वी रिक्षा चालवायचा, आता गुडघे गेलेत. उंबऱ्यावर टेकला आणि म्हणाला, "साहेब, बागंत म्हणं दोन झोपालं मंजूर हायत?" मी म्हटलं, "कागदावर आहेत." "मंग त्यांना तेल घालाया कोन नको?"

नियमावली पुन्हा उघडली. माळ्याची खोली एकच चालते, पण देखभाल कर्मचाऱ्यांसाठी 'आवश्यकतेनुसार' असं एक पोटकलम आहे. फार मोठ्या मनाचा शब्द हो, आवश्यकतेनुसार. कोंडाजी झोपाळा-तेलक म्हणून गेला, खोली क्रमांक दोन, तळमजला, गुडघ्यांसाठी. काल मंजुरी आली. विनामानधन.

तर आता माझं एकच काम आहे. सकाळी चहा झाला की कोरा कागद घेऊन बसतो. घसरगुंडी पुसायला एक लागेल. नामफलकावरची धूळ झटकायला एक... नाव अजून ठरलेलं नाही, पण धूळ बसणारच. पुढे सुचत नाही हो. तुम्ही जाणती माणसं आहात, बागांतून फिरलेली आहात. बागेत आणखी कोण कोण लागतं? आठवलं तर कळवा. तोंडी नको, लेखी द्या... बासष्ट राहिलेत.