बोडक्या माळावरचा खेळ

ऐका. जरा जवळ सरका, अन् नीट ऐका.

हैबती नावाचा सिनेमावाला होता. साधाच माणूस. जत्रांतून खेळ लावायचा. लॉरीच्या इंजिनाला पट्टा लावून डायनामो फिरवायचा, त्याची वीज लांब तारेनं सिनेमाच्या मशीनला. तेव्हा गावात दिवा नव्हता, बरं का.

एकदा अंधार पडल्यावर निघाला. लोक म्हणाले, "हैबतराव, बोडक्या माळानं नका जाऊ."

हा हसला. "भुतांना दाखवीन की खेळ!"

बोलू नये असं. पण बोलला.

माळावर आला, तर काय! माणसंच माणसं. ओळीनं बसलेली. गप्प. एक म्हातारा पुढं झाला. "पाव्हणं, लई दिस वाट बघतोय. लावा की खेळ."

हैबतीला वाटलं, असेल एखादी जत्रा. आवाज नको म्हणून लॉरी लांब, पडद्यापलीकडं लावली. पडद्याला पाणी मारलं. ओल्या पडद्यावर चित्र पाठीमागूनही दिसतं, तशी रीतच होती. मशीन घरघरलं.

चित्रातला सोंगाड्या धपकन पडला. कोणी हसेना! तेवढ्यात एकजण उठला, ऐन झोतात. हैबती सवयीनं ओरडला, "ए, बस की खाली! सावली पडतीय!"

सावली पडलीच नव्हती.

दुसरा उठला. तिसरा उठला. सगळी उठली हो! अन् पडद्यावर एकाचीही सावली नाही.

मग चित्रच बदललं. हाच माळ. हेच मशीन. मशीनपाशी हैबती. अन् त्याच्या मागं तो म्हातारा, हात मानेकडं नेत. हळू... हळू... मागं वळायची छाती होईना. कानाशी थंडगार आवाज आला, "आम्हाला सावली नाही, पाव्हणं. तुझी दे."

हैबती पळाला! लॉरीकडं, सरळ झोतातून. पडद्यावर त्याची एकट्याची सावली पडली. काळीभोर. अन् सगळी तिच्यावरच तुटून पडली! तेवढ्यात यानं लॉरी गाठून पट्टा उपसला. उजेड गेला. इंजिन चालूच होतं. दामटली लॉरी.

दुसऱ्या दिवशी गाव गोळा होऊन माळावर गेलं. भर उन्हात पडदा ओलाच. अन् त्यावर पळणाऱ्या माणसाचा काळा ठसा.

हैबती जगला. म्हातारा झाला. पण उन्हात उभा राहिला, की पायाशी काही नाही. नुसतं ऊन.

म्हणून सांगतो बाबांनो, त्या माळानं जाऊ नका. कधीच नका. एकाच्याच सावलीची सोय झालीय. बाकीचे अजून उभेच आहेत.