चार माणसं अन् एक ड्रम

माझे बाबा भंडाऱ्याकडले, धानाच्या बांधीतून उठून भिलाईले आले अन् पोलादाच्या प्लांटमधी खलासी, म्हणजे जड सामान उचलणारे, लागले, म्हणून माझा जन्म सेक्टर दहाच्या क्वार्टरमधला. बाबाले अक्षर येत नव्हतं. ड्यूटीवर कोणता कागद भेटला का घडी करून घरी आणत अन् म्हणत, सुषमा, हे काय म्हणते वाच माय, अन् मी तिसरीतली पोरगी खुर्चीवर उभी राहून वाचून दाखवो. घरात पयली बी.ए. मीच. आजही छाती काढून सांगते, कावून लाजू? पण त्याच गोष्टीचा मले लय ताठा होता, अन् आता जे सांगून राहिली ते त्या ताठ्याचंच आहे.

भिलाईतच खुर्सीपारले एक छोटं केंद्र आहे, ठेकेदाराकडले मजूर तिथं सायंकाळी गॅस कटिंग, म्हणजे गॅसच्या ज्योतीनं लोखंड कापणं, शिकाले येतात. शिकवणारे सुभेदार काका, फौजेतून रिटायर, दुर्गचे जुने मराठी. त्यांच्यापाशी फौजेचे कारागिरीचे पुस्तकं होते, एकदम नेमके, पण वाक्य असे लंबे का खाली पोचेपर्यंत वरचं विसरून जा. आमच्या लोकायले बसची पाटीच मुश्किलीनं वाचता ये. काका म्हणले, बेटा, तू शिकेल आहेस, तुले चित्र काढता येते, हे सोपं करून दे. काय सांगू तुमाले, मी नाचतच रुआबांध्याले, आता राहते त्या घरी आली.

एक धडा होता तेलाचा रिकामा ड्रम कापाचा. रिकामा म्हणजे खरंच रिकामा नसते जी, आत वाफ राहते, ठिणगी लागली का बमसारखा फुटते. म्हणून पयले झाकणं उघडा, मंग सोड्याच्या गरम पाण्यानं धुवा, मंग पाणी भरा, अन् मंगच कापा. पुस्तकात चारही चित्रांत एकच जवान, तोच चेहरा, तीच टोपी. मले वाटलं, किती कोरडं आहे हे, आपल्या लोकायले आपलं तोंड दिसलं पाह्यजे. म्हणून मी चार चित्रांत चार जणं काढले, वर्गातलेच. झाकण उघडणारा मिशीवाला, धुणारी गमछा बांधलेली बाई, पाणी भरणारा म्हातारा, अन् चौथ्यात कापाची गॅसची टॉर्च घेऊन दुकालू. दुकालू छत्तीसगढी, दोन लेकरांचा बाप, वर्गात सगळ्यात हसरा.

काकानं पाह्यलं अन् म्हणले, हे काय सुषमा, धडा आहे का वरात? एकच माणूस ठेव. मी म्हटलं, काका, तुमची फौज तुमच्यापाशी, हे लोक मले ठाऊक आहेत. काका हसले अन् कागद तसाच वाटू दिला. ते हसणं अजून ऐकू येते मले.

दुकालू तर एवढा खूश, म्हणे मैडम, ए तो मैं आंव, हा त मीच! सगळ्यायले दाखवत फिरला, घरी जाऊन दारामागं चिकटवला तो कागद.

मंग दोनक महिन्यानं एका शेडमधी त्याले कटिंगचं काम लागलं. समोर ड्रम ठेवेल, वरचं लहानसं झाकण उघडं, आतलं काही दिसे नाही. त्यानं टॉर्च लावली. जीव वाचला. डोळे गेले, दोन्ही.

दवाखान्यात गेली त तोंडभर पट्ट्या. मी विचारलं, दुकालू भाऊ, ड्रम धुतला कावून नाही, चित्रात होतं ना? तर म्हणे, मैडम, धुणारी त दुसरी बाई होती ना. पाणी भरणारा बी दुसरा. मी त कापणारा. मले वाटलं त्यायनं आपलं काम करून ठेवलं असन.

काय चुकलं सांगा त्याचं? साइटवर असंच त चालते. खलासी उचलते, हेल्पर साफ करते, कटर कापते, दुसऱ्याच्या कामाले हात लावला का मुकादम खेकसते, तुले कोणी सांगतलं रे. माझ्या बाबानं जन्मभर असंच केलं. अन् मी त्याच घरची, बी.ए. झाली अन् बापाचं काम कसं चाले तेच विसरली.

तवापासून ते चौथं चित्र माझ्या मागं आहे. भाजी चिरताना दिसते, डोळे मिटले का दिसते. घरात कोणताही रिकामा डबा दिसला का मी आत पाणी ओतते, घरचे पयले हसत, आता त हसतही नाहीत.

अन् दुकालू म्हणत राहिला, गलती मोर ए मैडम, माझीच, मी अनपढ. सालभर मी ते ऐकून घेतलं. ते चूप राहणं चित्राहून मोठं पाप झालं माझं. शेवटी एक दिवस दुपारी त्याच्या घरी गेली, कागद अजून दारामागंच, कोपरे पिवळे पडेल. सांगून टाकलं, भाऊ, गलती माझी आहे, काका म्हणत होते एकच माणूस ठेव, मी ऐकलं नाही. त्याची बायको चुलीपासून उठली अन् बाहेर निघून गेली. दुकालू उठला अन् चाचपत दारापाशी गेला. मंग म्हणे, तो कागद उतरवू नका. आरशातलं तोंड माझं पुसून चाललं मैडम, तुमच्या चित्रातलं तेवढं आठवते. आता मी म्हणजे तोच.

आता माझ्या सगळ्या चित्रांत एकच माणूस राहते. कोणी दुसरा काढाले गेली तरी चेहरा त्याचाच उमटते, खोडते अन् तोच उमटते. दुकालू केंद्रात येऊन बाकावर बसते, नवा कागद झाला का मी त्याले तोंडानं सांगते. तो विचारते, कतका झन? किती जणं आहेत? मी म्हणते, एकच, भाऊ. तो म्हणते, मीच ना? हो, तूच. मंग तो मान हलवते अन् म्हणते, त बने हे, बेस आहे, सुखी राह मैडम.

त्याची बायको अजून माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे तिचं.