छाती छत्तीस, कंबर अठ्ठावीस

...आणि म्हणे पासवर्ड बदला! का बदलू? बदलणार नाही म्हणजे नाही! तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं शिवणकाम करतोय, कुणाचं माप या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. समोरच्या शाळेचे हेडमास्तर जगाला कंबर चौतीस सांगतात, खरी किती ते मला माहीत, टेपला माहीत, आणि मोबाइलवरच्या माझ्या मापांच्या खात्याला माहीत... बस. लोकांची अब्रू आहे हो ती, माझ्याकडे ठेवायला दिलेली.

तर झालं काय, ज्या वेबसाइटवरून मी बटणं मागवतो ती फुटली. बटणं शाबूत, गिऱ्हाइकांचे पासवर्ड चोरीला गेले! लेक धावत दुकानात, "बाबा, तुमचाही गेलाय. तोच मापांच्या खात्याला लावलाय?" आता तोच लावणार ना, एका माणसाला पासवर्ड लागतात तरी किती? तर लेकीनं भर गिऱ्हाइकांत मोठ्यानं वाचला, "छाती छत्तीस, कंबर अठ्ठावीस!" सगळे माझ्या पोटाकडे बघायला लागले. अहो, माझ्या लग्नाच्या कोटाचं माप आहे ते, मी स्वतः बेतलेला कोट! लेक म्हणते, "कंबर कधीच बदलली बाबा, आता पासवर्डही बदला." कोट होत नाही, केस गेले, ती कंबर उरली होती ती या एका जागी... तीही बदलू? बदलणार नाही म्हणजे नाही!

"मग हेडमास्तरांची कंबर उद्या चव्हाट्यावर आली तर?"

अब्रूचा प्रश्न आला! म्हटलं, बदलणार नाही, हवं तर काढून टाक. तर म्हणते, "तेच करायचंय. पासकी घेऊ. पासवर्डच नाही, मोबाइलला नुसतं बोट लावायचं, म्हणजे वेबसाइटवरून चोरायला काही उरतच नाही." लावलं बोट. मोबाइल म्हणतो, पुन्हा प्रयत्न करा. अकरा वेळा! चाळीस वर्षं सुई टोचून आणि इस्त्रीचे चटके खाऊन बोटावर रेघ राहील कुठून? शेवटी लेकीनं तिच्या आईला बोलावलं. हिचं बोट पहिल्या फटक्यात पास! झाली पासकी, हिच्या बोटावर, हिच्याच मोबाइलवर.

आता आज सकाळची गोष्ट. गिऱ्हाईक दोन्ही हात पसरून उभं, मी जुनं माप बघायला दुकानामागच्या घराकडे तोंड करून ओरडतोय, "अगं, बोट आण!" आतून आवाज, "हात ओले आहेत, थांबा!"

खातं इतकं सुरक्षित झालंय, तुम्हाला सांगतो, चोर काही आत शिरू शकत नाही... आणि मीही नाही.