चावी घेण्यास कोणी आले नाही त्याबाबत

जबाब लिहून घेतला तारीख १८ माहे नोव्हेंबर सन १९१९, दुपारी चार वाजता, पोलीस चौकी, कोल्हापूर.

नाव जोतीराम बिन दादू चौगले, वय सुमारे एकतीस, धंदा तुरुंगाकडील शिपाई, मूळ गाव गडमुडशिंगी, हल्ली राहणार टेंबलाईच्या वाटेवरील धाकट्या तुरुंगाची चाळ, खोली नंबर चार.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी सदर तुरुंगात सात वर्षे नोकरीस आहे. घरी आई व बायको आहेत. खोली तुरुंगाची आहे. नोकरी सुटली तर तीन दिवसांत ती खाली करावी लागते. मला बसण्यास सांगितले आहे, परंतु मी उभ्यानेच सांगत आहे.

आमच्या तुरुंगाच्या दारावर बाहेरच्या बाजूस पोलीस शिपाई असतो व आतल्या बाजूस आमचा शिपाई असतो. मध्ये गजांचे दार आहे. दसऱ्यापासून पोलिसांचा पगार दरमहा बारा रुपये झाला. आमचा नऊच राहिला. कैदी पळाला तर जबाबदारी आतल्याची धरतात.

याबद्दल आम्ही चौदा शिपायांनी मिळून हुसेन नदाफ यांना बोलण्यास पुढे केले. ते आमच्यात सर्वांत जुने आहेत. परवा तारीख १६ रोजी ते तुरुंगाच्या दारोगासाहेबांपुढे उभे राहिले व आम्ही मागे उभे राहिलो. दारोगासाहेब म्हणाले, "चौदा तोंडं असताना एकच का बोलतंय? तू वकील आहेस काय? तू तुझ्यापुरतं बोल." मग त्यांनी आम्हांस एकेकास खोलीत बोलावून तक्रार विचारली. मी सांगितले, "हुसेनभाई बोलले त्येच माझं." बाकीच्यांनी काय सांगितले ते मी ऐकलेले नाही. माझ्यानंतर आत गेलेला प्रत्येक जण लवकर बाहेर आला. काल संध्याकाळी हुसेनभाईंचा पट्टा व बिल्ला काढून घेतला आणि चिथावणी दिल्याच्या आरोपावरून त्यांना येथे पाठविले. ते मागील खोलीत आहेत हे मला ठाऊक आहे.

माझी पाळी काल संध्याकाळी सहा ते आज सकाळी सहा अशी होती. बराकींच्या चाव्यांचा जुडगा माझ्याकडे होता. त्याला आम्ही चावी म्हणतो. चावीबद्दल दारोगासाहेबांनी स्वतः घालून दिलेला नियम असा की, ती जमिनीवर किंवा खुंटीवर ठेवावयाची नाही, हातातून हातात द्यावयाची, आणि ज्याचे नाव तुरुंगाच्या हजेरीपटावर असेल त्याच्याच हातात द्यावयाची. ज्याच्या हातात चावी, त्याने दार सोडून बाहेर जावयाचे नाही. गेल्या साली बाळासो नावाच्या शिपायाने चावी पाच मिनिटे पाणक्याच्या हातात दिली म्हणून त्याला काढून टाकले. त्याची खोली नंबर चार. ती मला मिळाली.

आज सकाळी सहा वाजता दिवसपाळीचे सहा शिपाई दाराशी आले. मी चावी पुढे केली. पहिला म्हणाला, "मला आज घ्यायची न्हाय." दुसऱ्यानेही हात मागेच ठेवले. असे सहाही जणांचे झाले. त्यांना कोणी तसे सांगितले होते काय, हे मला माहीत नाही. मला कोणी आधी कळविले नव्हते. कैदी बासष्ट होते. रात्रपाळीचे बाकीचे शिपाई घरी गेले होते व बराक उघडताना तीन शिपाई लागतात, म्हणून मी उघडली नाही.

आठच्या सुमारास दारोगासाहेब चार पोलीस शिपाई घेऊन आले. त्यांत हंबीरराव माने हे जुने होते. दारोगासाहेबांनी मला चावी हंबीररावांस देण्याचा हुकूम केला. मी म्हटले, "साहेब, ह्यांचं नाव पटावर न्हाय." ते रागावले, मग म्हणाले, "लावतो. मग तर झालं?" तुरुंगाचे कारकून गणपतराव यांनी दाराशीच पेटीवर बसून हजेरीपट उघडला. नाव लिहिले. पुढील रकान्यासाठी विचारले, "दरमहा?"

हंबीरराव म्हणाले, "बारा."

दारोगासाहेब म्हणाले, "ह्या पटावर शिपायाला बारा नाहीत. नऊ लिहा."

"नऊ कुणाला? मला? आधी ते नाव खोडा."

"एका दिवसापुरतं आहे रे."

"एक दिवस बी न्हाय. उद्या आमच्या सायबानं ह्यो कागद बघितला तर म्हणंल, हंबीर नवात बी राबतोय की! मग मला बसवतील कायमचं नवावर."

बाहेर उभ्या असलेल्या आमच्या शिपायांपैकी कोणी तरी म्हणाले, "पावणं, या की आत. आम्ही नवावरच हाय, मेलो न्हाय अजून."

हंबीरराव म्हणाले, "म्हणूनच तुमची तोंडं अशी झाल्यात व्हय."

त्यावर सर्व हसले. कोण बोलले ते मी पाहिले नाही. मी चावीकडे पाहत होतो. मी हसलो नाही. गणपतरावांनी नाव खोडले. दुसऱ्या तिघा पोलिसांस विचारले, त्यांनी मान हलवून नकार दिला.

त्यानंतर दारोगासाहेबांनी इतरांस दूर केले व गजाजवळ येऊन हळू बोलले. ते म्हणाले, "जोतीराम, हुसेननं सांगितलं म्हणून चावी धरली, एवढंच म्हण. पोलिसात जागा आहे. पुढल्या महिन्यापासून बारा." मी विचारले, "आणि हुसेनभाई?" ते म्हणाले, "त्याचं तू बघू नकोस." मी लगेच नाही म्हटले नाही. तसे घडले म्हणून सांगतो.

अकराच्या सुमारास बराक नंबर दोनमधील कैदी पाण्यासाठी ओरडू लागले. तेथे दम्याचा एक म्हातारा आहे. तो ओरडत नव्हता, म्हणून मला भीती वाटली. याच वेळी हुसेनभाईंची बायको मदिना दाराशी आली. ती चौकीत नवऱ्यास भाकरी देऊन परत आली होती. ती सर्वांसमक्ष मला म्हणाली, "जोतीरामभाऊ, त्यांनी सांगितलंय, चावी देऊन टाका. कैद्यांनी कुणाचं घोडं मारलंय?"

मी म्हटले, "भाभी, त्यांना सांगा, ऐकू आलं न्हाय."

ती म्हणाली, "कानात बोळं घातल्यात व्हय? तुमची म्हातारी तिकडं न जेवता बसलीया."

मी चावी दिली नाही. परंतु दिवसपाळीच्या सहा जणांस म्हटले, "चावी घेऊ नगा. नुसतं आत या." ते आले. चावी माझ्या हातात ठेवून मी एकेक बराक उघडली. त्यांनी पाणी दिले, भाकरी दिली व कैद्यांस बराकीबाहेर शौचास नेऊन आणले. म्हातारा भिंतीस टेकून बसला होता. तो पाणी प्याला. पुन्हा बंद करून मोजले, बासष्ट भरले. कोणी पळाला नाही. कोणावर हात उगारला नाही.

दुपारी दोन वाजता दारोगासाहेब पुन्हा आले. मी म्हटले, "साहेब, हजेरीपटावर पहिलं नाव तुमचं हाय. तुम्ही घ्या." गणपतरावांनी पट पाहून होय म्हटले. दारोगासाहेबांनी चावी घेतली. त्यांच्या हातून ती घेण्यास अद्याप कोणी पुढे आलेले नाही. त्यामुळे ते दाराशीच उभे आहेत व त्यांच्या वतीने गणपतराव येथे आले आहेत.

मला हंबीररावांनी येथे आणले. वाटेत त्यांनी विचारले, "नवात भागतं कसं रं तुमचं?" मी म्हटले, "भागत न्हाय." एवढेच बोलणे झाले.

येथील फौजदारसाहेबांनी मला समजावून सांगितले की, हुसेनने चावी देण्यास सांगितले होते असे मी म्हटल्यास हुकूम न मानण्याचा दोष त्याच्यावर राहत नाही, माझ्यावर येतो. ते मला समजले. खोलीबद्दल मी विचारले. ते तुरुंगाकडील काम आहे, असे उत्तर मिळाले.

मला लिहिता वाचता येत नाही, म्हणून हा जबाब मी दोन वेळा वाचून घेतला. पहिल्या वाचनात "मी चावी दिली नाही" याच्या आधी "हुसेन याचे सांगण्यावरून" एवढे शब्द निघाले. ते गणपतराव शेजारून बोलले होते व चौकीच्या कारकुनांनी माझ्या तोंडचे समजून लिहिले होते. मी म्हटले, "ह्ये माझं न्हाय." गणपतराव म्हणाले, "राहू दे की रे, तीनच शब्द आहेत. बायकोचा तरी विचार कर." मी ते खोडावयास लावले. कारकुनांनी विचारले की, मग कोणाच्या सांगण्यावरून असे लिहू?

मी सांगितले, "कुणाच्याच न्हाय. लिहा, जोतीरामनं आपल्या मनानं."

दुसऱ्या वाचनात ते शब्द नव्हते. बाकी मजकूर मी सांगितला तसाच ऐकू आला. खोडलेल्या जागी एक व खाली एक, असे दोन अंगठे मी स्वतः केले आहेत.

अंगठा, जोतीराम बिन दादू चौगले